पोटांत उठणारी सूज

शरीरावर उठणारी सूज डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा घरांत लगेच बोभाटा होतो. सकाळीं उठल्यावर एखाद्याचा ओंठ दुप्पट जाड झालेला असला, किंवा पापणी फुगून डोळा मिटला असला, म्हणजे घरांतील आजी निदान करून मोकळी होते कीं रात्रीं पित्त उठलें. कोणी आमसुलाचें पाणी अंगाला चोळतो, कोणी सोनगेरू लावतो, कोणी औषधांच्या दुकानांतून ॲलर्जीची गोळी आणून देतो; आणि दुपारपर्यंत सूज ओसरली कीं तो विषय तेथेंच संपतो. छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी घ्या किंवा पुण्याची सदाशिव पेठ घ्या, हा अनुभव नसलेलें घर विरळाच. परंतु हीच सूज कातडीवर न येतां पोटाच्या आंत, आंतड्याच्या भिंतींत उठली तर? ती कोणाला दिसत नाहीं. दिसतें तें एवढेंच कीं, काल हसतखेळत असलेला माणूस आज पोट धरून लोळत आहे, त्याला ओकाऱ्या होत आहेत, आणि घरचीं माणसें घाबरीं होऊन त्याला रुग्णालयांत नेत आहेत. या न दिसणाऱ्या सुजेचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां तरी करावयास हवा. कारण तिच्याविषयींच्या अज्ञानापायीं निष्कारण शस्त्रक्रिया सोसलेलीं, आणि प्रसंगीं प्राणास मुकलेलीं माणसें जगांत सर्वत्र आढळलीं आहेत.

या सुजेला वैद्यकांत अँजिओएडिमा असें नांव आहे. अँजिओ म्हणजे वाहिनी व एडिमा म्हणजे सूज. मराठींत तिला वाहिनीशोफ म्हणतां येईल. नांव अवघड असलें तरी प्रकार समजण्यास सोपा आहे. रक्त शरीरांत नळ्यांतून फिरतें आणि त्यांतील सर्वांत बारीक नळ्यांना केशवाहिन्या म्हणतात. या केशवाहिन्यांच्या भिंती अगदीं निश्छिद्र नसतात. भोंवतालच्या पेशींना पाणी व पोषण मिळावें म्हणून त्यांतून थोडासा द्रव सतत पाझरत असतो आणि तो पुन्हां माघारीं जात असतो. संभाजीनगरच्या रहिवाशांना यासाठीं दूरचा दाखला नको. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें या शहरासाठीं नहर बांधून डोंगराकडचें पाणी जमिनीखालून आणलें, आणि पाणचक्कीला येणारें पाणीहि मातीच्या नळांतून येई. अशा नळाचे सांधे जोंपर्यंत घट्ट असतात तोंपर्यंत पाणी मुक्कामाला पोहोंचतें. सांधे सैल पडले तर नळ फुटलेला नसतांहि भोंवतालची माती चिंब होऊन फुगते. केशवाहिन्यांचे सांधे असेच कांहीं काळ सैल झाले म्हणजे रक्तांतील पाणी शेजारच्या मऊ भागांत शिरतें व तो भाग फुगतो. तेथें रक्तस्राव होत नाहीं, पू होत नाहीं, जंतूंचा संबंध असावाच लागतो असें नाहीं. आणि सांधे पुन्हां जुळले कीं पाणी शोषलें जाऊन सर्व पूर्ववत् होतें. मागें वणसुद्धां राहत नाहीं.

हा पाझर कातडीच्या वरच्या थरांत झाला तर लाल, खाजऱ्या गांधी उठतात. त्यालाच लोक पित्त उठणें म्हणतात व वैद्य शीतपित्त म्हणतात. तोच पाझर खालच्या सैल थरांत झाला तर ओंठ, पापण्या, हात, पाय हे जाड होऊन सुजतात, आणि तो अँजिओएडिमा. आतां, तोंडाच्या आंतून सुरू होऊन घसा, अन्ननलिका, जठर, लहान व मोठें आंतडें असें जें अस्तर थेट खालपर्यंत गेलें आहे, त्याच्याखालींहि असाच सैल थर आहे. श्वासनलिकेच्या तोंडाशीं तो आहे, मूत्राशयाच्या भिंतींतहि आहे. म्हणून जी सूज ओंठावर येऊं शकते, तिला आंतल्या अवयवांची वाट बंद नसते.

वाहिन्यांचे सांधे सैल करणारे पदार्थ मुख्यतः दोन आहेत, आणि या दोहोंतील भेद ध्यानांत ठेवणें हें या विषयाचें मर्म होय. पहिला पदार्थ हिस्टामिन. शेंगदाणे, अंडें, कोळंबी असा एखादा न सोसणारा पदार्थ पोटांत गेला, मधमाशी डसली किंवा एखादें औषध बाधलें, म्हणजे शरीरांतील विशिष्ट पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात. ही सूज मिनिटांत किंवा तासाभरांत येते. तिच्याबरोबर बहुधा गांधी व खाज असते. ॲलर्जीच्या गोळ्यांनीं ती उतरते. आणि ती उग्र असेल तर ॲड्रेनलिनचें इंजेक्शन प्राण वाचवितें. दुसरा पदार्थ ब्रॅडिकायनिन. त्याची सूज कित्येक तास हळूहळू चढत जाते व दोन ते पांच दिवस राहते; तिला खाज नसते, गांधी नसतात; आणि वर सांगितलेल्या औषधांनीं ती हटत नाहीं. आंतड्याला वारंवार ग्रासणारी सूज ती बहुधा ही दुसरी. दोघींचें बाह्य रूप सारखें, परंतु एकीचें औषध दुसरीला लागूं पडत नाहीं.

आंतडें ही पोकळ नळी आहे. तिची भिंत फुगली म्हणजे पोकळी अरुंद होते. वरून आलेलें अन्नपाणी पुढें सरकत नाहीं. तें सरकविण्यासाठीं आंतडें पिळवटून जोर करतें, आणि त्या प्रत्येक पिळवटण्याबरोबर कळ येते. पोट फुगतें, ओकाऱ्या थांबत नाहींत. भिंतींतून पाझरलेलें पाणी पोटाच्या पोकळींतहि उतरतें. हें सर्व पाणी येतें कोठून? तें रक्तांतूनच येतें. पुष्कळ पाणी असें आंतड्याकडे गेलें म्हणजे मागें उरलेलें रक्त दाट होतें, रक्तदाब घसरतो, रोगी पांढराफटक पडतो आणि उभा राहतांच त्याला घेरी येते. शरीरांतील पाणी शरीराबाहेर न जातां नुसतें एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेलें, तरी धडधाकट तरुण मूर्च्छित पडूं शकतो, तो असा. पहिल्या दिवशीं कळ चढत जाते, दुसऱ्या दिवशीं टिकते. पुढें सूज उतरूं लागली म्हणजे आंतड्यांतील पाणी पुष्कळदां जुलाबावाटे बाहेर पडतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं रोगी उठून जेवावयास मागतो. घरचे म्हणतात, बाहेरचें खाणें बाधलें होतें. मग कांहीं आठवड्यांनीं किंवा कांहीं महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार, तोच क्रम, आणि पुन्हां तेंच बाहेरचें खाणें.

येथें शस्त्रवैद्याची अडचणहि न्यायबुद्धीनें समजून घेतली पाहिजे. त्याच्यापुढें मध्यरात्रीं एक तळमळणारा रोगी येतो. पोट दुखत आहे, फुगलें आहे, ओकाऱ्या आहेत. आंत्रपुच्छाचा दाह असेल, आंतड्याला पीळ पडला असेल, पोटाचा क्षय असेल. आपल्या देशांत या गोष्टी नित्याच्या आहेत आणि त्यांत उशीर झाला तर रोगी हातचा जातो. सोनोग्राफींत आंतड्याची भिंत जाड व पोटांत पाणी दिसतें, परंतु तें वरील रोगांतहि दिसूं शकतें. रक्त दाट झाल्यामुळें पांढऱ्या पेशींची संख्याहि वाढलेली आढळते आणि जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. ताप मात्र बहुधा नसतो. तेवढी एक खूण, पण घाईच्या वेळीं ती एकटी पुरी पडत नाहीं. अशा स्थितींत पोट उघडलें जातें. आंत निघतें काय? आंत्रपुच्छ निरोगी, आंतड्याचा एक भाग फिकट व फुगलेला, आणि भोंवतीं स्वच्छ पाणी. टांके घातले जातात, चार दिवसांत सूज आपोआप ओसरते, आणि शस्त्रक्रियेनें गुण आला असें सर्वांना वाटतें. सहा महिन्यांनीं पोट पुन्हां दुखतें. आतां काढून टाकण्यास आंत्रपुच्छहि उरलेलें नसतें. असे दोनदां-तीनदां पोट उघडलेले रोगी वैद्यकाच्या वाङ्मयांत नमूद आहेत.

याहून वाईट गोष्ट पुढें घडते. सर्व तपासण्या झटका ओसरल्यावर केल्या जातात, त्या निर्दोष निघतात, आणि मग दुखणें मनाचें ठरतें. मुलगा असेल तर त्याला परीक्षा चुकवावयाची आहे. सून असेल तर तिला काम नको आहे. यांतील गोम अशी कीं, परीक्षेच्या दिवसांत व घरांतील ताणतणावांत हे झटके खरोखरच अधिक येतात, त्यामुळें संशय घेणाराला पुरावा मिळाल्यासारखा वाटतो. परंतु मनाचा ताण हें झटक्याचें निमित्त आहे, कारण नव्हे. शारीरिक मार, दांत काढणें, सर्दीखोकल्याचा आजार, मासिक पाळी, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, हींहि तशींच निमित्तें आहेत. वातीला ठिणगी लागते म्हणून स्फोट होतो, पण दारू आधींच ठासलेली असते.

ही दारू कोणती, हें समजण्यास वैद्यकाला ऐंशीच्या आसपास वर्षें लागलीं. जर्मनींत कील येथें अध्यापक असलेल्या हाइनरिख क्विंके यांनीं १८८२ सालीं या सुजेचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुढें पुष्कळ दिवस ती क्विंके यांच्याच नांवानें ओळखली जाई. १८८८ सालीं विल्यम ऑस्लर यांनीं फिलाडेल्फियांत असतांना एका अमेरिकन कुटुंबाचा वृत्तांत लिहिला. त्या कुटुंबांत पांच पिढ्या ही सूज चालत आली होती. ऑस्लर यांचें मोठेपण असें कीं, त्यांनीं रोग्याबरोबर त्याचें घराणेंहि तपासलें. हातापायांवरील सुजेबरोबर पोटांत कळा येतात व ओकाऱ्या होतात हें त्यांनीं टिपून ठेवलें. घशांत सूज येऊन मृत्यु ओढवतो हेंहि त्यांच्या दृष्टीस आलें. त्या काळीं दोष मज्जातंतूंत असावा अशी समजूत होती. पुढें १९६३ सालीं व्हर्जिनिया डोनाल्डसन व रिचर्ड इव्हान्स या अमेरिकन संशोधकांनीं खरें मूळ दाखविलें. रक्तांत सी-वन इनहिबिटर नांवाचें एक प्रथिन असतें. तें या रोग्यांत उणें असतें, किंवा असलें तरी निकामी असतें. हें प्रथिन म्हणजे ब्रॅडिकायनिनच्या उत्पत्तीवरील लगाम होय. लगाम तोकडा असला म्हणजे लहानशा निमित्तानेंहि ब्रॅडिकायनिन वाजवीपेक्षां अधिक तयार होतें, आणि वाहिन्यांचे सांधे सैल पडतात.

हा दोष आईकडून किंवा बापाकडून येतो. ज्या जनुकांत तो असतो त्याच्या दोन प्रतींपैकीं एक सदोष असली तरी पुरते. म्हणून दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. सुमारें चौघांत एका रोग्याच्या बाबतींत मात्र घराण्यांत मागें कोणाला कांहीं नसतां दोष नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो. पहिले झटके बहुधा बालपणीं येतात आणि वयांत येतांना ते वाढतात. हा रोग सुमारें पन्नास हजारांत एकाला असावा असें मानतात. हें प्रमाण धरून साधें त्रैराशिक मांडलें, तर २०११ च्या जनगणनेंत सवाअकरा कोटींच्या जवळ पोहोंचलेल्या महाराष्ट्रांत असे सव्वादोन हजार लोक असावेत, आणि सदतीस लाखांच्या तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यांत सत्तर-पंचाहत्तर. यांतील किती जणांना आपल्या रोगाचें नांव ठाऊक असेल, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची चांगली परंपरा आहे. मूळ गांव, गोत्र, इनाम, कोणी कोणत्या हुद्यावर चाकरी केली, हें सर्व त्यांत मिळतें. परंतु कोण कशानें वारलें हें क्वचितच मिळतें. ‘आत्याबाईंचा गळा एकाएकीं दाटला आणि त्या गेल्या’, ‘काकांना पोटशूळ होता’, ‘धाकट्याचें तोंड मधून मधून सुजत असे’, अशीं वाक्यें घरोघर बोललीं जातात. पण तीं तिन्ही एकाच सूत्रांत ओंवण्याचें कोणाला सुचत नाहीं. गळा दाटून आलेल्या मृत्यूला कोणी घटसर्प म्हटलें असेल, कोणी करणी म्हटलें असेल. ज्या घराण्यांत अशा दोन-तीन गोष्टी कानांवर आल्या असतील, त्यानें त्या लिहून काढून वैद्यापुढें ठेवाव्यात. शंभर रुपयांची तपासणी जें सांगणार नाहीं तें कधीं कधीं आजीची आठवण सांगून जाते.

आंतड्याची सूज कितीहि वेदना देत असली तरी ती बहुधा जीव घेत नाहीं. जीव घेते ती घशाची सूज. ज्याच्या पोटांत ब्रॅडिकायनिनची सूज येते त्याच्याच स्वरयंत्राशीं ती केव्हां तरी येण्याचा संभव असतो. आनुवंशिक रोग असलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यांत एकदां तरी हा प्रसंग येतो. आवाज बदलतो, घोगरा होतो, घांस गिळतांना अडतो, घशांत गोळा आल्यासारखें वाटतें, आणि मग श्वासाला घरघर लागते. रोगाचें निदान झालें नव्हतें त्या काळीं कांहीं घराण्यांत शंभरांतील तीसपर्यंत रोगी गुदमरून गेल्याच्या नोंदी आहेत. दाढ काढल्यावर कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, हा प्रसंग ओढवतो; म्हणून दंतवैद्याला रोगाची कल्पना आधींच देणें अत्यंत अगत्याचें आहे. पोटाच्या दुखण्याचें खरें नांव वेळेवर कळण्याचें महत्त्व येथें आहे. पोट ही धोक्याची घंटा. ती ओळखली तर गळा वाचवितां येतो.

इतर अवयवांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. मूत्राशयाच्या किंवा मूत्रमार्गाच्या भिंतींत सूज आली तर लघवीला त्रास होतो, कधीं ती तुंबते. स्नायूंत आली तर तो भाग ताठून दुखतो. क्वचित् प्रसंगीं तीव्र डोकेदुखी होते. आणि पित्त व पाचकरस जेथें आंतड्यांत उतरतात त्या तोंडाशीं सूज आल्यास स्वादुपिंडाला दाह झाल्याचींहि विरळ उदाहरणें आहेत. हे सर्व प्रकार तात्पुरते असतात, परंतु जोंपर्यंत मूळ कळत नाहीं तोंपर्यंत प्रत्येकासाठीं निराळा तज्ज्ञ व निराळी तपासणी होत राहते.

येथवर जें सांगितलें तें पन्नास हजारांत एकाचें, असें म्हणून कोणी निर्धास्त होईल. त्यानें पुढील हकीकत ऐकावी. १९४९ सालीं ब्राझीलमध्यें साओ पाउलो येथें मॉरिशिओ रोशा इ सिल्व्हा व त्यांचे सहकारी जराराका नांवाच्या विषारी सर्पाच्या विषाचे प्रयोग करीत होते. तें विष रक्तद्रवांत मिसळल्यावर त्यांत एक नवा पदार्थ उत्पन्न होतो, आणि त्यानें गिनीपिगच्या आंतड्याचा तुकडा सावकाश आकसतो, असें त्यांना आढळलें. या सावकाश गतीवरून त्यांनीं त्या पदार्थाला ब्रॅडिकायनिन असें ग्रीक धातूंवर बेतलेलें नांव दिलें. पुढें त्याच सर्पविषाच्या अभ्यासांतून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हें औषध निघालें व १९८१ मध्यें अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. त्याच वंशांतील एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल हीं औषधें आज असंख्य घरांतील डब्यांत आहेत. तीं उत्तम औषधें आहेत. हृदयाला व मूत्रपिंडाला त्यांचा मोठा आधार असतो. परंतु तीं ज्या विकराला अडवितात, तोच विकर शरीरांतील ब्रॅडिकायनिनचा निचरा करीत असतो. निचरा अडला कीं तें सांचतें. कित्येकांना त्यामुळें कोरडा खोकला लागतो, आणि हजारांतील एक ते सात जणांना अँजिओएडिमा होतो.

ही सूज बहुधा ओंठ व जीभ यांवर येते. परंतु ती केवळ आंतड्यांतहि येऊं शकते, आणि तेव्हां चेहऱ्यावर कांहींच खूण नसते. औषध सुरू झाल्यानंतर कांहीं दिवसांतच ती येते असेंहि नाहीं. महिनोन्महिने, कधीं वर्षानुवर्षें तीच गोळी निर्वेध घेतल्यावर ती प्रथम उद्भवते, त्यामुळें गोळीवर कोणाचा संशय जात नाहीं. मधुमेहावरील व्हिल्डाग्लिप्टिनसारखी गोळी बरोबर चालू असेल तर हा संभव वाढतो, असें दिसून आलें आहे. साठी उलटलेला गृहस्थ वर्षांत तीन वेळां पोटदुखीनें रुग्णालयांत जातो, प्रत्येक वेळीं आंतड्याची सूज दिसते व दोन दिवसांत जाते. अशा वेळीं त्याच्या औषधांच्या यादींत ‘प्रिल’नें संपणारें एखादें नांव आहे काय, हें पाहणें हीच पहिली तपासणी होय. तें नांव आढळलें तर गोळी आपल्या मनानें बंद करून बसूं नये, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें. ते निराळ्या वर्गाचें औषध योजितात, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच रोग संपतो. मात्र जीभ किंवा घसा सुजत असेल तर विचारपूस करीत न बसतां तडक रुग्णालय गांठावें, आणि ती गोळी पुन्हां घेऊं नये.

आनुवंशिक रोगाचा संशय असेल तर आरंभ साध्या रक्ततपासणीनें होतो. रक्तांतील सी-फोर नांवाचें प्रथिन मोजतात. या रोगांत तें बहुधा कमी असतें, झटका नसतांनाहि. तें कमी निघाल्यास सी-वन इनहिबिटरचें प्रमाण व त्याचें कार्य अशा दोन तपासण्या करतात. क्वचित् हीं सर्व प्रथिनें प्राकृत असूनहि असाच रोग असतो. २००० सालीं त्या प्रकाराचें वर्णन झालें. पोटाची सोनोग्राफी मात्र कळ चालू असतांनाच करून घ्यावी, आणि दोन-तीन दिवसांनीं पुन्हां करावी. भिंतीची सूज इतक्या लवकर विरघळून जाते, हाच मोठा पुरावा होय. मराठवाड्यांत ज्याला सर्वजण घाटी म्हणून ओळखतात, तें १९५६ सालीं स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय शहराला जवळच आहे. आणि चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेंत अशा घराण्यांचा विशेष अभ्यास होत आला आहे. एकाचें निदान झालें कीं त्याचे आईबाप, भावंडें व मुलें या सर्वांची तपासणी करून घ्यावी.

उपचारांची मांडणी तीन भागांत करतां येते. झटका आला असतां उणें असलेलें सी-वन इनहिबिटर शिरेवाटे देतात, किंवा ब्रॅडिकायनिनला त्याच्या जागेवर बसूं न देणारें आयकॅटिबंट हें इंजेक्शन कातडीखालीं देतात. हीं औषधें महाग आहेत आणि आपल्याकडे सर्वत्र हाताशीं नसतात. म्हणून गोठवून ठेवलेला ताजा रक्तद्रव, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो देण्याची वहिवाट आहे, कारण निरोगी माणसाच्या त्या द्रवांत हवें तें प्रथिन असतेंच. शिरेवाटे सलाईन व वेदनाशामक औषध हा पोटाच्या झटक्यांतील नित्याचा आधार. दुसरा भाग वारंवार येणारे झटके टाळण्याचा. त्यासाठीं डॅनाझोल किंवा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांचा उपयोग करतात. डॅनाझोल हें पुरुषी संप्रेरकासारखें असल्यामुळें गर्भवतीला देत नाहींत व मुलांना शक्यतों देत नाहींत. अलीकडे, २०१८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें लॅनाडेलुमॅब यासारखीं प्रभावी औषधेंहि निघालीं आहेत. तिसरा भाग दांत काढणें किंवा शस्त्रक्रिया यांच्या आधीं संरक्षक औषध देण्याचा. झटका कोणत्या प्रकारचा हें ठरत नसेल आणि जीव धोक्यांत असेल, तर डॉक्टर ॲड्रेनलिनहि देतात, आणि तें योग्यच आहे. त्यानें गुण आला नाहीं तर श्वासमार्गांत नळी घालण्याची तयारी ठेवावी लागते.

घरांतील माणसांचें कर्तव्य याहून सोपें आहे. वारंवार पोट दुखणाऱ्या माणसाची एक वही करावी. कळ केव्हां सुरू झाली, किती तास चढली, केव्हां ओसरली, त्या आधीं काय घडलें, ताप होता काय, ओंठ, हात किंवा पाय सुजले होते काय, हें तींत तारीखवार लिहावें. कित्येकांच्या अंगावर झटक्याच्या आधीं न खाजणारी, वेलबुट्टीसारखी तांबूस नक्षी उमटते. ती दिसल्यास तिचें छायाचित्र घ्यावें. चालू असलेल्या सर्व औषधांची नांवें त्याच वहींत असावींत. निदान झालें असेल तर रोगाचें नांव व त्यावरील औषध लिहिलेली चिठ्ठी रोग्यानें सदैव खिशांत बाळगावी, म्हणजे परगांवीं अनोळखी डॉक्टरापुढेंहि वेळ दवडला जाणार नाहीं. आवाज बदलला किंवा गिळणें अडलें, तर रात्र आहे, सकाळीं पाहूं, असें म्हणूं नये.

मात्र एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला जाण्याचेंहि कारण नाहीं. प्रत्येक पोटदुखी ही वाहिनीशोफाची नसते. शंभरांतल्या बहुतेक दुसऱ्याच कारणांच्या असतात. शिवाय, ज्याला हा रोग आहे त्याचें आंत्रपुच्छहि इतरांसारखेंच सुजूं व फुटूं शकतें. म्हणून ताप आला, दुखणें एका जागीं खिळलें, पोट लांकडासारखें कठीण झालें, किंवा नेहमींचा क्रम मोडला, तर शस्त्रवैद्याला अडवूं नये. वैद्याचा हात धरणें हें घरच्यांचें काम नव्हे. वैद्याला ठाऊक नसलेली माहिती त्याच्या हातीं देणें हें त्यांचें काम आहे.

दरवर्षीं १६ मे हा दिवस जगांत या आनुवंशिक रोगाच्या ओळखीसाठीं पाळतात. परंतु ओळखीला एक दिवस पुरत नाहीं. ती घरांतील बोलण्यांत उतरली पाहिजे. पोट दुखतें असें सांगणाऱ्या मुलाला खोटें ठरविण्यापूर्वीं, सुनेच्या दुखण्याला सोंग म्हणण्यापूर्वीं, आणि बरा होऊन उठलेल्या वडिलांची तीच गोळी पुन्हां त्यांच्या हातावर ठेवण्यापूर्वीं, क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारावेत: असें पूर्वीं झालें होतें काय, घराण्यांत आणखी कोणाला होतें काय, आणि औषध कोणतें चालू आहे? या तीन प्रश्नांना दमडी पडत नाहीं. आणि त्यांचीं उत्तरें वेळेवर मिळालीं, तर एखाद्या घरांतील पिढ्यान्पिढ्यांच्या दुखण्याला प्रथमच त्याचें खरें नांव मिळेल.